पेडर रोडपर्यंतच्या गप्पा

मित्रासोबत धावताना वेग घड्याळापेक्षा गप्पांवरून जास्त चांगला कळतो. दोघांतल्या हळू धावणाऱ्याला अख्खं वाक्य न तुटता बोलता आलं पाहिजे. तो नुसतं 'हं, हं' करायला लागला की समजावं, वेग वाढलाय. गंमत म्हणजे वेगवान मित्राला हे कळत नाही; तो नकळत अर्धं पाऊल पुढे राहतो आणि दुसरा 21 किलोमीटर त्याचा पाठलाग करतो. म्हणून पुढे राहायचं ते हळू धावणाऱ्यानं.

2004 साली सुरू झालेल्या मुंबई मॅरेथॉनमध्ये हौसेखातर 'ड्रीम रन' असते, जेमतेम सहा किलोमीटरची. तिला सराव कमी आणि वेशभूषा जास्त लागते. खरी परीक्षा अर्धमॅरेथॉनची, 21.097 किलोमीटर. माहीमला अंधारात गर्दी सुटते, हवा गार असते, आणि किलोमीटरला साडेसात मिनिटं ठरवलेली जोडी पावणेसातनं पळत सुटते. सागरी सेतूवर सगळं छान वाटतं. हिशेब चुकता होतो तो अर्ध्याहून जास्त अंतर मागे पडल्यावर, पेडर रोडच्या चढावर. स्नायूंतली साखर सुरुवातीलाच उधळलेली असते. इथे वेग सोडावा, श्वास सोडू नये. पावलं लहान, नजर दहा-पंधरा पावलांवर. किलोमीटरमागे तीस-चाळीस सेकंद गेले तर जाऊ द्यावेत. उतारावर ते वसूल करायला गेलं की मांड्या धरतात.

पाणी वाटतात तिथे रांगेतल्या पहिल्या टेबलाशी थांबू नये, तिथेच चेंगराचेंगरी होते. चुकामूक झाली तर शेवटच्या टेबलापुढे, डाव्या कडेला भेटायचं, हे आदल्या दिवशीच ठरवावं. बूट पन्नासेक किलोमीटर वापरलेले, मोजे सरावातलेच, काखेत आणि मांड्यांना व्हॅसलीन. नवा टी-शर्ट फोटोपुरता.

आता देणग्या. या शर्यतीत धावणारे सामाजिक संस्थांसाठी पैसेही जमवतात; हे काम युनायटेड वे मुंबई या संस्थेमार्फत, त्या-त्या संस्थेच्या नावे चालतं. प्रवेशशुल्क म्हणजे देणगी नव्हे, ती वेगळी मागावी लागते. दोनशे जणांना एकच घाऊक निरोप पाठवला तर अंगठे येतात, पैसे येत नाहीत. फोन करावा, संस्थेचं काम दोन वाक्यांत सांगावं आणि आकडा स्वतःच बोलावा. देणगीवरची '80जी'ची आयकर सवलत जुन्या करप्रणालीतच मिळते आणि दोन हजारांवरची रोख रक्कम त्यात धरत नाहीत, हेही आधीच सांगावं. ओळखीची माणसं दोघांनी वाटून घ्यावीत. नाहीतर एकाच काकांना दोन फोन जातात आणि काका दोघांनाही टाळतात.

मरीन ड्राइव्हला गप्पा आटतात. 'किती राहिलं?' एवढंच उरतं. ज्याच्या मनगटावर घड्याळ आहे त्यानं आकडा खरा सांगावा. 'आलंच' म्हणून फसवलेला मित्र पुढच्याच वळणावर चालायला लागतो.