मीटर बारा दाखवतं, काच चढत नाही

मृगाच्या तोंडावर लातुरात बाहेरगावच्या गाड्या वाढतात. अकरावीला, नीटच्या ट्यूशनला पोरं सोडायला बीड, परभणी, नांदेडकडून लोक येतात. गाडीत गादी, कूलर, पुस्तकांची खोकी. तशीच अंबाजोगाईकडची एक दहा-बारा वर्षं जुनी डिझेल सेडान आली, ड्रायव्हर बाजूची काच पूर्ण खाली. मागच्या सीटवर पोरीचं सामान, वर आभाळ भरलेलं, त्यामुळे गाडी रस्त्यावर सोडून हॉस्टेल बघायलाही जाता येईना. काका म्हणाले, "मिस्त्री, मोटर नवी टाकली, स्विच नवा टाकला, तरी काच वर यायलीच नाही. खाली मात्र झटक्यात जाती."

खाली जाते पण वर येत नाही, या एका वाक्यात निम्मं काम झालेलं असतं. काचेच्या साध्या मोटरला दोनच वायरी असतात. बटण वर ओढलं की एकीला प्लस, दुसरीला अर्थ, म्हणजे बॅटरीच्या मायनसकडं परतीचा रस्ता. खाली दाबलं की उलट. म्हणजे वर आणि खाली दोन्हीला त्याच वायरी. वायर साफ तुटली तर काच दोन्हीकडे बंद पडेल, फ्यूज उडाला तरी तसंच. फक्त वर जात नसेल तर कारणं दोनच उरतात: स्विचमधला वर जायचा कॉन्टॅक्ट जळलाय, नाहीतर मोटरला जोर कमी पडतोय. खाली जाताना काचेचं वजन मोटरला मदत करतं, वर जाताना तेच आडवं येतं. स्विच नवा होता. म्हणून जोर का कमी पडतो, तेवढंच शोधायचं होतं.

पण आली तेव्हा बटण ओढलं तर साधी गुणगुणही नाही. इथंच बरेच जण मोटर मेली म्हणून बिल फाडतात. बहुतेक काच-मोटरींच्या आत तापलं की तोडणारा एक कट-आउट असतो. काच अडकलेली असताना माणूस बटण ओढून धरतो, मोटर तापते, कट-आउट सुटतो. मग गार होईपर्यंत ती काहीच बोलत नाही. काकांनी रेणापूरपासून बटण ओढत आणलं होतं. दहा-पंधरा मिनिटं कुणालाही बटणाला हात लावू दिला नाही. नंतर ओढलं तर आतून "हूं" आला आणि केबिनचा दिवा मंद झाला. दिवा मंद होतो म्हणजे करंट जातोय, मोटर फिरू बघतेय. दिवा ढिम्म हललाच नाही तर आधी फ्यूज, स्विच आणि वायर बघायची. आणि मोटर खुशाल घुर्र करते, काच मात्र जागची हलत नाही, तर काच-मशीनची, म्हणजे काच वरखाली नेणाऱ्या यंत्रणेची, केबल तुटली किंवा काच धरणारा प्लास्टिकचा तुकडा फुटला.

पाऊस जवळ होता, म्हणून आधी काच वर घ्यायचं ठरलं. दाराचं पॅड, म्हणजे आतलं झाकण, उघडताना आधीच्या गॅरेजचं काम दिसलं. आतल्या हँडलच्या वाटीमागं एक स्क्रू, ओढायच्या मुठीत दोन, बाकी कडेनं क्लिपा, एवढंच असतं. इथं निम्म्या क्लिपा गायब आणि त्यांच्या बदल्यात पॅडमधून आरपार पत्र्याचे दोन स्क्रू ठोकलेले. क्लिप काही रुपयांना मिळते, पण ती आणायला दुकानापर्यंत जावं लागतं. आतला प्लास्टिकचा कागद फाडून सेलोटेपनं चिकटवलेला. त्याच्यावर पुढं येतो.

मोटरचं कपलर (वायरींचा प्लग) काढलं आणि २० अँपिअरचा फ्यूज घातलेल्या दोन वायरींनी बॅटरीतून थेट मोटरला करंट दिला. वायरींची अदलाबदल केली की मोटरची दिशा बदलते, रंग बघत बसायची गरज नाही. फक्त हात दाराच्या आत नको, काच-मशीनच्या पट्ट्या बोट कापतात. काच चढली, पण कुंथत कुंथत. सात-आठ सेकंद लागली, एरवी चार-पाचमध्ये चढायला हवी. तरी चढली. म्हणजे मोटर चांगली, मशीन चांगलं, काच सरकते ते रबरी चॅनल जड, आणि खरी चोरी बॅटरी ते मोटर या रस्त्यात कुठंतरी.

(मोटरच जळालेली असेल तर काच-मशीनपासून काचेचे बोल्ट सैल करायचे, दोन तळव्यांमध्ये काच धरून वर सरकवायची आणि लाकडी पाचर मारून वरून टेप लावायचा. बोल्ट सोडण्याआधी काचेला आधार हवाच, नाहीतर ती दारात जाऊन फुटते. कात्रीसारख्या पट्ट्यांचं स्प्रिंगवालं मशीन असेल तर पट्टी पत्र्याला बांधल्याशिवाय मोटरला हात लावू नये. स्प्रिंग सुटली तर मनगट मोडेल.)

आता मीटर. कपलर सुटं ठेवून त्याच्या पिनांवर मीटर लावलं, बटण ओढलं: १२.४ व्होल्ट. आधीच्या मिस्त्रीनं इथपर्यंत नक्की केलं असणार. करंट येतोय, मोटर फिरत नाही, मोटर बदला. हिशेब सरळ वाटतो, पण चुकीचा आहे. मीटर करंट जवळजवळ खातच नाही. केसाएवढी तार टेकलेली असली तरी ते बाराच दाखवतं. व्होल्टेज मोजायचं ते मोटर जोडलेली असताना, बटण ओढून धरून, कपलरच्या मागून सुई घालून. तसं मोजलं तर ७.२. वायरीभोवती धरायच्या क्लॅम्प मीटरवर साधारण १२ अँपिअर. बॅटरीवर त्या वेळी १२.३. मधले पाच व्होल्ट वाटेत गळत होते.

कुठं गळतात ते शोधायला आणखी काही उघडावं लागत नाही. लांब वायरनं मीटरचं एक टोक बॅटरीच्या प्लसवर, दुसरं ड्रायव्हरच्या दारातल्या मेन स्विचच्या सप्लाय पिनवर, आणि बटण ओढायचं. अर्धा व्होल्ट निघाला, जुन्या गाडीला तो चालतो. मग एक टोक बॅटरीच्या मायनसवर, दुसरं स्विचच्या अर्थ पिनवर. इथं ०.२ च्या आसपास यायला पाहिजे. आले ४.

४ व्होल्ट, १२ अँपिअर, म्हणजे ओहमचा एक तृतीयांश रेझिस्टन्स. आता मीटर ओहमवर ठेवून तीच वायर मोजली तर काय दिसेल? मीटरच्या स्वतःच्या प्रोबांचाच तेवढा निघतो. बीपवर ठेवलं तर खणखणीत बीप वाजतो, कारण बीप वीस-तीस ओहमपर्यंतही वाजतो. बीप वाजला म्हणजे वायर चांगली, हे आमच्या धंद्यातलं सगळ्यात महाग पडणारं खोटं आहे. शिकाऊ पोरांना मी म्हणतो, मीटर नसेल तर हेडलाइटचा ५५ वॅटचा बल्ब दोन वायरींना डाग देऊन (सोल्डर करून) ठेवा. बल्ब करंट खातो. वायर आजारी असेल तर तो पिवळा पडून सांगतो.

मेन स्विचच्या अर्थवर शंका आधीच यायला हवी होती. या गाडीत चारही काचांचा अर्थ ड्रायव्हरच्या दारातल्या मेन स्विचमधूनच फिरतो. मागच्या दाराचं बटण दाबलं तरी मोटरचा परतीचा करंट इथूनच जातो. काकांना विचारलं, मागच्या काचा कशा चढतात? "त्या तर दोन वर्षांपासून हळूच हायत. गाडी जुनी झाली म्हणलं." मागची काच चढवली आणि त्याच वेळी ड्रायव्हरचं बटण ओढलं, तर मागची जागेवर थांबली. एका दाराची तक्रार असली तरी चारही बटणं दाबून बघायला मिनिटसुद्धा लागत नाही. ते केलं असतं तर नवी मोटर आलीच नसती.

स्विचपासून निघालेली अर्थची वायर दार आणि खांब यांच्यामधल्या चुण्याचुण्यांच्या रबरी नळीतून बॉडीत जाते. ड्रायव्हरचं दार सगळ्यात जास्त उघडतं, त्यामुळे याच नळीतल्या वायरी आधी मरतात. त्यात आमच्याकडचं ऊन. एप्रिल-मेमध्ये उघड्यावर उभ्या गाडीच्या वायरींचं वरचं आवरण कडक पडतं. बटण ओढून धरलं आणि शिकाऊ पोराला दार हळूहळू हलवायला सांगितलं. दार पूर्ण उघडं असताना ४ चे ५ झाले, अर्धं लावलं तर दीडवर आले. गॅरेजवाल्यानं दार लावून काच वरखाली करून दाखवली असेल, ती चढलीही असेल.

नळी दोन्हीकडून सोडून मागं सारली. वायर वरून धडधाकट दिसत होती. पण चिमटीत धरून ओढली तर एका जागी रबरासारखी ताणली गेली. आत तांबं नसेल तरच वायर अशी ताणते. आवरण कापलं तर आतलं तांबं हिरवं, तुटलेल्या टोकांतल्या दोन-तीन तारा एकमेकींना नुसत्या टेकलेल्या. शेजारच्या सप्लायच्या वायरीलाही चीर पडली होती. तीही बदलली.

तुटलं तिथंच डाग देऊन टेप मारणं सोपं आहे आणि बहुतेक ठिकाणी तेच होतं. पण डाग दिलेली तार वाकत नाही. ती डागाच्या कडेला पुन्हा तुटते, कधीकधी त्याच वर्षात. म्हणून २.५ स्क्वेअर एमएमची बारीक तारांची मऊ ऑटो वायर घेतली. एक जोड दाराच्या आत, दुसरा खांबाच्या आत पायाजवळच्या पॅनलमागं, नळीत फक्त अखंड वायर. जोड क्रिंप करून, म्हणजे पकडीनं दाबून, वर स्लीव्ह तापवून बसवली, दोन वायरींचे जोड मागंपुढं ठेवले म्हणजे तिथं गाठ होत नाही. नळीतून वायर ओढायला साबणाचं पाणी पुरतं. वायर ताठ ठेवायची नाही, दार पूर्ण उघडल्यावरही थोडी ढील राहिली पाहिजे. पुन्हा मोजलं: अर्थवर ०.१५ व्होल्ट. मागच्या काचा सरसर चढायला लागल्या.

चॅनलचं काम मात्र उरलं होतं. काचेच्या दोन्ही बाजूंच्या रबरी खाचेत काळ्या मातीचा फुपाटा बसून त्याचा घट्ट थर झाला होता. त्यात कुणीतरी खोबरेल तेल सोडलं होतं, माती त्यात मळली. आणि गुटखा. ड्रायव्हरची काच जास्त झिजायचं आमच्या भागातलं मोठं कारण ते आहे. काच खाली-वर होते ती थुंकायला, आणि थुंकलेलं सगळं बाहेर जात नाही. रबर काढून साबणाच्या पाण्यात ब्रशनं धुतलं, पूर्ण वाळवलं, बसवल्यावर आत सिलिकॉन स्प्रे मारला. तेल, ग्रीस, डिझेल यातलं काही रबराला लावू नये. धूळ धरते आणि रबर फुगतं. ग्रीस फक्त मशीनच्या लोखंडी पट्टीवर, तेही पांढरं आणि थोडंसं. आता काच साडेचार सेकंदांत वर, करंट ६ अँपिअर.

मग तो कागद. बऱ्याच मिस्त्र्यांना तो पॅकिंगचा वाटतो. काचेच्या बाहेरच्या रबरातून पावसाचं पाणी दारात उतरणारच, दार तसंच बनवलेलं असतं. आत आलेलं पाणी खालच्या भोकांतून बाहेर जातं आणि ते केबिनमध्ये येऊ नये म्हणून कागद असतो. तो फाटका ठेवला तर पहिल्याच पावसात पायाखालचं कार्पेट भिजतं आणि त्याच्याखालच्या जोडांना गंज लागतो. जाड प्लास्टिक कापून, कडेनं ब्यूटाइल टेप लावून नवा कागद बसवला. खालची भोकंही मातीनं बुजली होती. ती केबल टायनं मोकळी केली. स्क्रू ड्रायव्हर घातला तर रंग खरवडतो आणि तिथूनच दार कुजायला लागतं.

या गाडीत काच आपोआप वर जायची सोय नव्हती म्हणून बरं. ज्यांच्यात ती असते, त्यांची बॅटरी काढली की बऱ्याच मॉडेलांत काच पुन्हा शिकवावी लागते. पूर्ण वर नेऊन बटण काही सेकंद ओढून धरायचं, नेमकी रीत गाडीच्या पुस्तकात असते. ते केलं नाही तर काच अर्ध्यातून परत खाली येते आणि लोक पुन्हा मोटरवरच संशय घेतात.

बिलात वायर आणि कागद मिळून काहीच नव्हतं, मजुरी होती. काकांनी डिक्कीतून जुनी मोटर काढून दाखवली. टेबलावर लावली, ३ अँपिअरवर गुळगुळीत फिरली. "मग खराब काय होतं?" त्यांनी विचारलं. त्याचं उत्तर मलाही सरळ देता आलं नाही. नुसतं चॅनल धुतलं असतं तरी त्या आजारी अर्थवर काच चढली असती, कदाचित दिवाळीपर्यंत. नुसता अर्थ केला असता तरी जड चॅनलमधून बारा व्होल्टनं ती ओढून नेली असती. जुनी मोटर या दोन्हींशी झगडत होती आणि बदलली गेली तीच. सुटा भाग विकला की दुकानाला पैसे सुटतात, वायर शोधत तासभर बसलं की गिऱ्हाईक म्हणतं, नुसतं बघायचे एवढे? या व्यवहारात नवी मोटर बसणारच. त्या मिस्त्रीला एकट्यालाच नावं ठेवणं मला जमलं नाही. क्लिपांबद्दल मात्र ठेवली.

जुनी मोटर डाव्या दाराला चालेल का, हे काकांनी जाता जाता विचारलं. चालत नाही. डावी-उजवी मोटर उलटसुलट असते, गिअरची पेटी आरशातल्यासारखी फिरलेली. याच दारासाठी ठेवा म्हटलं, फडक्यात गुंडाळून, पिनांवर थोडं ग्रीस लावून.