आठ फुटांत भिवापूर

रेल्वे मॉडेलच्या प्रदर्शनासाठी मी इतवारी-नागभीड या जुन्या नॅरोगेज, म्हणजे अरुंद रुळांच्या, लाइनचं मॉडेल करायला घेतलं. नागपूरचं इतवारी ते नागभीड हे अंतर जवळपास १०६ किलोमीटर. १:८७ या प्रमाणात, म्हणजे ८७ पट लहान करून, ते जसंच्या तसं उभारायचं तर सव्वा किलोमीटरच्या आसपास रूळ लागतील. प्रदर्शनात मला मिळणार होतं आठ फुटांचं टेबल. म्हणजे प्रत्यक्षातले जेमतेम २१० मीटर. त्यामुळे हातोडी-करवत हातात घेण्याआधी काय सोडायचं, हेच ठरवण्यात बराच काळ गेला.

नॅरोगेज मात्र नक्की होती. नोव्हेंबर २०१९मध्ये ब्रॉडगेजच्या कामासाठी ही लाइन बंद झाली. उमरेड, भिवापूरकडच्या लोकांचं बाजारहाट, दवाखाना, लग्नकार्य, सगळं या गाडीवर चालायचं. प्रदर्शनात वंदे भारत कुणीतरी आणणारच होतं, म्हणून मी भिवापूर धरलं. स्टेशनची छोटी इमारत, एक लूप (गाडी बाजूला घ्यायचा जोडरूळ), एक फाटक आणि बाजूला मिरचीचा सातरा, म्हणजे मिरची पसरून देठं खुडायची जागा. बाकी सगळ्यावर काट मारली. गाडीही इंजिन आणि तीन डबे एवढीच, कारण त्याहून लांब गाडी लूपमध्ये बसेना.

हिशेबात एक गोष्ट सोयीची निघाली. आपल्या नॅरोगेजच्या दोन रुळांमधलं अंतर ७६२ मिलिमीटर. त्याला ८७ने भागलं की ८.७६ येतात. बाजारात एन गेज या मॉडेल-रेल्वेच्या छोट्या मापाचा ९ मिलिमीटरचा तयार रूळ मिळतो, तो चालून जातो. नॅरोगेजवरच्या झेडडीएम वर्गाच्या डिझेल इंजिनाचं तयार मॉडेल मात्र मला कुठे मिळालं नाही. म्हणून एन गेजची चासी, म्हणजे चाकं-मोटर असलेला खालचा भाग, घेतली आणि वरचा सांगाडा स्टायरीन या प्लॅस्टिकच्या शीटमधून कापून बसवला. डब्यांच्या मापांसाठी कडबी चौकाजवळचं मोतीबागचं नॅरोगेज रेल्वे म्युझियम कामी आलं. २००२पासून ते आपल्या नागपुरात आहे, आणि मॉडेल करणाऱ्याला त्याहून चांगली शाळा नाही. फोटोवरून दाराची उंची कळते, पण पायरी डब्याच्या किती बाहेर येते, हे शेजारी उभं राहिल्याशिवाय कळत नाही.

रुळाखाली कन्हान नदीची रेती चाळून घातली. त्याआधी तिच्यावरून लोहचुंबक फिरवणं फार गरजेचं. रेतीत लोखंडाचे बारीक कण असतात, ते मोटरकडे ओढले जातात आणि इंजिन कायमचं बसतं. चाळलेल्या रेतीवर पाणी घातलेलं फेव्हिकॉल ड्रॉपरने सोडायचं, त्यात भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब. तो नसला तर गोंद वरच गोळा होऊन बसतो, आत झिरपत नाही. बाभळीसाठी मोटार वाइंडिंगच्या दुकानातून तांब्याची तार आणली, पिळून खोड केलं. स्विच, वायर सगळं बर्डीच्या बाजारातून. रुळांच्या सांध्यांत बारीक फट ठेवली, कारण गच्चीवरच्या खोलीत मे महिन्यात काय तापतं ते नागपूरकराला सांगायला नको.

सगळ्यात जिवावर आलं ते नेणं. चार-चार फुटांचे दोन भाग, मधल्या सांध्यावर रुळांची टोकं पितळी स्क्रूंना सोल्डर केलेली, म्हणजे हादऱ्याने हलू नयेत. छोटा हाथी टेम्पोत खाली गाद्या टाकल्या आणि मी मागेच बसलो. सभागृहाची फरशी एका बाजूला उतरती होती. सकाळचा पहिला तास पायांचे बोल्ट फिरवून लेव्हल करण्यातच गेला.

शेजारच्या टेबलावर नागपूरचं डायमंड क्रॉसिंग होतं. हावडा-मुंबई आणि दिल्ली-चेन्नई या लाइन्स जिथे एकमेकींना छेदतात, ते. दिसायला सोपं, पण विजेच्या दृष्टीने फार अवघड काम. मॉडेलमध्ये दोन रुळांतून विरुद्ध ध्रुवांचा प्रवाह जातो आणि क्रॉसिंगवर हेच रूळ एकमेकांना भिडतात. शॉर्ट टाळायला तिथे प्लॅस्टिकचे तुकडे घालावे लागतात. मग तेवढ्या जागेत वीज नाही, आणि छोटं इंजिन हळू आलं की तिथेच थांबतं. त्या मुलांनी इंजिनाच्या जास्तीत जास्त चाकांतून वीज घेतली होती. गाडी मुंगीच्या चालीने त्यावरून गेली, तेव्हा मी माझं टेबल सोडून टाळ्या वाजवायला गेलो.

माझ्याकडे पोरांचा एकच आग्रह: काका, जोरात चालवा नं! मी वेग वाढवला नाही. खरी गाडी ताशी ३० किलोमीटरने जात असेल, तर या प्रमाणात ती सेकंदाला साडेनऊ सेंटिमीटर सरकायला हवी. आठ फूट पार करायला साधारण २५ सेकंद. गाडीसोबत चालत चालत बघता येतं, तेवढ्या वेळात फाटकही दिसतं, सातराही दिसतो. इतक्या कमी वेगाला रूळ लखलखीत लागतात, म्हणून अधूनमधून आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या फडक्याने पुसत राहिलो.

दुपारी भिवापूरकडच्या एक काकू बराच वेळ सातऱ्याकडे वाकून बघत होत्या. लाकडाचा भुसा लाल रंगवून मी तिथे एकसारखा थर दिला होता. १:८७मध्ये एक मिरची मिलिमीटरभरही भरत नाही.

"दादा, सगळी अशी लाल नाही राहत जी," त्या म्हणाल्या. "पांढरी पडलेली वेगळी काढतो आम्ही. तिचा ढीग बाजूला राहते. अन् बाया कुठी आहेत? देठं कोण खुडून राहिलं मग?"

त्यांचं सगळं खरं होतं. त्यांनी बोटाने दाखवलं, बाया रांगेने कशा बसतात, पोती कुठल्या अंगाला लागतात, सावलीचं कापड कुठे बांधतात. मी प्रदर्शनाच्याच पावतीच्या मागे तो नकाशा काढून घेतला. मिरची खुडणाऱ्या बायांशिवाय भिवापूर अपुरंच होतं, आणि हे मला कुठल्याच फोटोने सांगितलं नसतं.

आता त्या बाया करतो आहे, तारेच्या, दोन-दोन सेंटिमीटरहून लहान, बसलेल्या. सातरा उखडून नव्याने लावतो आहे. पुढच्या खेपेला स्टेशनची मागची बाजूही दाखवायची आहे आणि तिचा एकही फोटो माझ्याजवळ नाही. कुणाच्या अल्बममध्ये भिवापूर स्टेशनवर काढलेला घरचा फोटो असेल आणि मागे भिंत, झाड, हातपंप असं काही दिसत असेल, तर मला जरूर दाखवा.