बेळगावातला चौथा माग

बेळगावात मी चार दिवस राहिले, पण लिहावंसं वाटतंय ते शनिवारच्या दोन-अडीच तासांबद्दलच. बाकीचे दिवस ताईच्या हातचं जेवण्यात आणि पाऊस उघडायची वाट बघण्यात गेले. एका दुपारी किल्ल्यातली कमल बस्ती (जुनं जैन मंदिर) पाहिली, येताना कुंदा ही इथली मिठाई घेतली आणि खडेबाजारात चिंब भिजले. या सगळ्यावर इतरांनी भरपूर लिहून ठेवलंय.

तरी प्रवासातली एक गोष्ट आधी सांगायला हवी, कारण शनिवारभर ती माझ्या डोक्यात होती.

पुण्याहून कोल्हापूर, तिथून निपाणी आणि निपाणीत गाडी बदलून बेळगाव असा मी गेले. निपाणीत कर्नाटकच्या गाडीत बसले आणि कंडक्टर 'आधार, आधार' करत आला. जून २०२३ पासून कर्नाटकातल्या बायकांना तिथल्या साध्या सरकारी गाड्यांतून फुकट प्रवास आहे. आधारवर कर्नाटकचा पत्ता असला की शून्य रुपयांचं तिकीट हातात पडतं. पुढच्या, मागच्या, माझ्या बाकावरच्या सगळ्या बायकांच्या हातात शून्याची तिकिटं आणि मी पर्समध्ये सुट्टे शोधतेय. शेजारी विड्या वळणाऱ्या एक मावशी होत्या. त्यांनाच माझ्यासाठी वाईट वाटलं. त्यांनी अर्धं कणीस मोडून माझ्या हातावर ठेवलं आणि विचारलं, "कुठल्या वो तुम्ही?"

"मूळची कोल्हापूरची."

त्यांनी माझ्याकडं नीट बघितलं. "बोलण्यावरनं वाटत नाही वो."

त्यात टोमणा नव्हता. पण तवंदीचा घाट गेला, संकेश्वर गेलं, तरी ते वाक्य काही जाईना. कोल्हापुरात आम्ही मुली 'मी आलो', 'मी जातो' असंच बोलायचो. पुण्यात हॉस्टेलवर गेले तेव्हा मुली त्यावर हसल्या आणि महिन्याभरात मी 'आले', 'जाते' करायला लागले. त्याला आता एकवीस वर्षं झाली. इतकी वर्षं मी ते शिकणं समजत होते.

आणि हे सगळं मनात असतानाही मी काय केलं ते सांगते. अनगोळला ताईच्या दारात पोचले तर भाची धावत आली, गळ्यात पडली. "मावशी, किती वेळ झाला, वाट बघूलालो मी!" आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "बघूलालो काय गं, बघतेय म्हण." तिने हात काढून घेतले. हसली, पण हात काढून घेतले.

ही भाची शनिवारी टिळकवाडीतल्या ओपन माईकला कविता वाचणार होती. मी ऐकायला यावं म्हणून तिने श्रोत्यांत आधीच माझं नाव देऊन ठेवलं होतं.

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी: आधी नाव नोंदवायचं, आपली पाळी आली की उठायचं, पाच मिनिटांत कविता, गाणं, किस्सा, जे काय असेल ते सादर करायचं. वेळ संपत आली की मागून आयोजक मोबाइलची टॉर्च दाखवतो. जागा म्हणजे दुसऱ्या रेल्वे गेटाजवळच्या एका कॅफेचा वरचा मजला. शंभर रुपये प्रवेश, त्यात एक कॉफी. प्लॅस्टिकच्या खुर्च्या पन्नासेक, बसलेली माणसं त्याहून जास्त, खिडक्या पावसामुळं बंद. उकाड्याने आणि ओल्या रेनकोटांच्या वासाने पहिली दहा मिनिटं मला बाहेर पळावंसं वाटत होतं. गाडी येताना भोंगा झाला की बोलणारा थांबायचा, डबे जाऊ द्यायचा आणि पुढं सुरू करायचा. याची सगळ्यांना इतकी सवय होती की कुणी त्याबद्दल अवाक्षर काढलं नाही.

पहिले दोघं विनोद सांगणारे होते. मुंबईच्या लोकलमधली गर्दी, मुंबईचा घरमालक. बेळगावात राहणाऱ्या पोरांना मुंबईची गर्दी का सांगावी लागते याचा मला राग आला आणि तो अजूनही आहे. त्यातला एक माईकची जाळी मुठीत धरून स्पीकरकडं वळायचा. स्पीकरमधला आवाज पुन्हा माईकात शिरायचा आणि कानठळ्या बसवणारी किंचाळी उठायची. स्टँडवरची क्लिप मोडलेली होती, त्यामुळं माईक हातातच धरावा लागत होता.

मग एक शाळकरी मुलगी गायली. डोळे घट्ट मिटून, तानपुऱ्याचा सूर आईच्या मोबाइलवर. फार चांगली गायली. मला एकदम आठवलं, याच टिळकवाडीत डिसेंबर १९२४ मध्ये काँग्रेसचं अधिवेशन भरलं होतं, गांधीजी अध्यक्ष होते आणि तिथं अकरा वर्षांच्या गंगूबाई हनगल गायल्या होत्या. त्याच वर्षी एप्रिलमध्ये इथून जवळच सुळेभावीत कुमार गंधर्वांचा जन्म झाला. या मातीत गाणं आहे हे मला पुस्तकातून माहीत होतं. त्या मुलीच्या मानेवरची ताणलेली शीर बघताना ते पटलं.

नंतर भाची उठली. कागद उलगडला, माईक हनुवटीला लावला आणि पहिलं वाक्य बोलली, "माझं मराठी तेवढं शुद्ध नाही, समजून घ्या."

मला तिथून उठून जावंसं वाटलं.

कविता तिच्या आजीच्या परसातल्या विहिरीवर होती आणि चांगली होती. पण मला दिसत होतं, प्रत्येक ओळीआधी ती क्षणभर अडखळत होती. कागदावर एक लिहिलेलं होतं आणि ती वाचताना दुसरं करत होती. 'आजी पाणी ओढूलाली' असं लिहिलेलं तिने 'आजी पाणी ओढत होती' असं वाचलं. मला ठाऊक आहे, कारण घरी आल्यावर मी तो कागद पाहिला. वाचताना त्या ओळीतली विहीरच आटली होती.

तिच्यानंतरही तेच. एकजण म्हणाला, "कानडी मीडियमला शिकलो, सांभाळून घ्या." एक मुलगी म्हणाली, "आमचं जरा गावठी आहे." सातपैकी पाच जणांनी कवितेआधी माफी मागितली. ज्या गावात १९४६ साली मराठी साहित्य संमेलनात संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला, जिथं १९५६ पासून लोक या भाषेसाठी रस्त्यावर उतरत आलेत, तिथल्या विशीतल्या पोरांनी आपल्याच बोलीची माफी मागावी? आणि ती मागायला त्यांना शिकवलं कुणी? माझ्यासारख्या दारातून आत येता येता 'बघतेय म्हण' म्हणणाऱ्यांनीच.

पहिल्या रांगेत धोतर-टोपीतले एक गुरुजी होते, कडोलीकडच्या एका गावचे. मध्यंतरात त्यांच्याशी बोलले. या भागात गावोगाव मराठी साहित्य संमेलनं भरतात. कडोली, उचगाव, येळ्ळूर, कारदगा ही त्यातली नावाजलेली. गावकरी वर्गणी काढतात, ग्रंथदिंडी निघते आणि कविसंमेलनाला बायाबापड्या पोरं मांडीवर घेऊन बसतात. गुरुजी गेली कित्येक वर्षं अशा मांडवांत वाचत आलेले. इथं त्यांची कविता निम्म्यावर असताना टॉर्च लागली. त्यांना ती खूण माहीत नव्हती. उजेड डोळ्यांवर आला म्हणून त्यांनी कागद जरा वर धरला आणि वाचत राहिले. शेवटी आयोजक मुलाने जाऊन माईक मागितला. गुरुजींनी तो मुकाट्याने दिला, कागदाची घडी केली आणि खाली बसले. आयोजक मुलगा उर्मट मुळीच नव्हता, यादी लांब होती एवढंच. पण पाच मिनिटांचा नियम सगळ्यांना सारखा लावणं मला तेव्हाही पटलं नाही.

शेवटून दुसरं नाव होतं बावीस-तेवीस वर्षांच्या एका मुलाचं. शिफ्ट संपवून थेट आला असावा, कारण कानामागच्या केसांत कापसाचं तूस तसंच होतं. हातात कागद नव्हता.

"वडगावात आमचे माग आहेत," तो म्हणाला. "मला दोन्ही हात लागणार. माईक धरायला जमणार नाही."

आयोजक मोडक्या क्लिपशी खटपट करायला लागला. तेवढ्यात गुरुजी उठले. त्यांनी माईक घेतला, धोतर सावरून टेबलाशेजारी एक गुडघा टेकून बसले आणि माईक पोराच्या तोंडाच्या जरा खाली, टेबल आणि ओठ दोन्हींचा आवाज येईल असा धरला. हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

पोराने डावा तळवा टेबलावर आपटायला सुरुवात केली. खटाक, खटाक. हा पहिला माग. मग उजव्या हाताची बोटं, जरा उशिरा पडणारी. हा दुसरा. मग टाच जमिनीवर, दोघांच्या मधल्या फटीत. तीन माग, तिघांची चाल वेगळी, आणि थोड्या वेळाने ते तिन्ही एका ठोक्यावर येऊन पुन्हा फाकायचे. इचलकरंजीला मागांच्या गल्लीतून मी गेलेय, तिथं अगदी असंच होतं. डोळे मिटले असते तर आडवा धागा नेणारा धोटा इकडून तिकडं जाताना दिसला असता.

त्यावर तो बोलायला लागला. गायला नाही, बोललाच. वडील मराठी, आई रामदुर्गकडची, कन्नड. माग घरातच. मागांच्या आवाजात पोरं गाढ झोपतात आणि करंट गेला की दचकून जागी होतात. आई चुलीपुढं भाकरी थापताना कानाने माग मोजते. एखादा थांबला की तिथूनच ओरडते, बघ रे, धागा तुटला. ती मोजते तिच्या भाषेत. ओंदु, म्हणून त्याचा डावा हात पडला. एरडु, उजवा. मूरु, टाच. नाकु.

नाकुला काहीच पडलं नाही.

पुन्हा ओंदु, एरडु, मूरु, नाकु. पुन्हा चौथी जागा रिकामी. मग त्याने सांगितलं की लॉकडाऊननंतर चौथा माग भंगारात गेला, किलोवर. टेम्पोत चढवताना बाबा आत जाऊन धाग्याच्या कांड्या लावत बसले. फरशीत बोल्टांची चार भोकं राहिली. ती कुणी बुजवली नाहीत, आई त्यातला केर काडीनं काढते. आणि अजून मोजताना चारापर्यंत मोजते. "आई, तीनच आहेत गा आता, असं मिया एकदा म्हटलं. ती म्हणाली, तू तुझं मोज."

'मिया', म्हणजे 'मी'. आमच्या पणजीच्या तोंडी ऐकल्यानंतर हा शब्द मी पहिल्यांदाच ऐकत होते. त्याने तो माईकवर असा म्हटला की त्याला दुसरा पर्यायच नसावा. त्याने कुणाची माफी मागितली नव्हती, मागायची असते हेही त्याच्या गावी नव्हतं.

शेवटी त्याने डावा हात थांबवला, मग उजवा. टाच काही वेळ एकटीच पडत राहिली, मग तीही थांबली. टाळ्या लगेच आल्या नाहीत. गुरुजींचा गुडघा टेकलेलाच होता आणि माईक धरलेला हात थरथरत होता. मी मागं वळून आयोजकाकडं बघितलं. मोबाइल त्याच्या हातात होता, अंगठा टॉर्चच्या खुणेवर होता आणि त्याने ती लावली नव्हती. त्या मुलाने अकरा मिनिटं घेतली होती.

शेवटचं सादरीकरण काय होतं ते मला आठवत नाही. त्या कलावंताची क्षमा मागते.

जिना अंधारा होता. उतरताना मी भाचीला म्हटलं, "त्या दिवशी दारात मी तुला टोकलं ना, माझं चुकलं." ती म्हणाली, "जाऊ दे गा मावशी." आणि तो 'गा' ऐकून मला इतकं बरं वाटलं की मी तिचा हात खालच्या पायरीपर्यंत सोडला नाही.

बाहेर पाऊस थांबला होता. कॅफेच्या पायरीवर गुरुजी आणि तो मुलगा बसले होते. गुरुजींची शेवटची गाडी गेली होती, भाचीने त्यांना स्कूटरवर सोडायचं कबूल केलं, पण ते उठायला तयार नव्हते. त्यांनी त्याच्याकडं कविता उतरवून घ्यायला मागितली होती आणि लिहिलेलं काहीच नाही हे कळल्यावर डायरी काढून त्यालाच सांगायला बसवलं होतं. मी मोबाइलची टॉर्च लावून डायरीवर धरली.

गुरुजी ओळ ओळ विचारत लिहीत होते. 'मिया' त्यांनी न विचारता तसंच लिहिलं. मोजणीपाशी आल्यावर मात्र पेन थांबलं.

"शाळेत आम्हांला कानडीच्या मास्तरांनी नाल्कु शिकवलं होतं. नाल्कु लिहू की नाकु?"

"नाकु," तो म्हणाला. "आई नाकुच म्हणते."

गुरुजींनी नाकु लिहिलं आणि त्यापुढं बोटभर जागा कोरी सोडली.