काळीत प्लॉट घेतला त्याची गोष्ट

आम्ही प्लॉट बघायला गेलो तो जानेवारीत. शेजारच्या रानात ज्वारी हुरड्याला आलेली, एजंटनेच हुरड्याची सोय केलेली, शेंगदाण्याची चटणी, गूळ, आणि पायाखाली ती काळी कुळकुळीत माती. मी मूळचा लांज्याचा, जांभा आणि कातळ बघत वाढलेला माणूस, मला वाटलं काय जमीन आहे राव! बायको बार्शीची, पण सासरे नेमके त्या दिवशी सोबत नव्हते. दोन गुंठे एनए, सातबारा, फेरफार सगळं वकिलाला दाखवलं, मातीकडे मात्र कोणी बघितलंच नाही.

कंपाउंड वॉल लगेच उरकून घेतली, दीड फूट पाया, कॉन्ट्रॅक्टर म्हणाला भिंतीला काय लागतंय.

मग मे महिन्यात गेलो. जमीन तडकलेली, अक्षरशः. मेहुण्याची बाईकची चावी हातातून सुटली ती सरळ भेगेत, तारेचा आकडा करून काढायला पाऊण तास गेला, आणि स्टील टेप घालून बघितली तर दीड फूट आत जाऊन वाकली. शेजारच्या रानातले आजोबा हे सगळं बांधावर बसून बघत होते. म्हणाले, "पाव्हणं, ही काळी हाय. घरं पांढरीत असत्यात."

मला वाटलं मातीच्या रंगाबद्दल बोलतायत. रात्री सासऱ्यांनी समजावलं. गाव वसतं ती पांढरी, पिकतं ती काळी, जुन्या लोकांनी ही वाटणीच करून ठेवलेली. आपण काय केलं, काळीवर एनएचा शिक्का मारला आणि प्लॉट पाडले.

भानगड अशी आहे की ही माती बेसॉल्ट झिजून झालेली, तिच्यातल्या चिकणमातीत मॉन्टमोरिलोनाइट नावाचं खनिज असतं, पावसाचं पाणी त्याच्या पापुद्र्यांमध्ये शिरतं आणि माती फुगते, उन्हाळ्यात तेच पाणी उडून जातं आणि ती आकसते. दरवर्षी वर, दरवर्षी खाली. जड इमारत निदान तिला दाबून तरी धरते, पण कंपाउंड वॉल, संडास-बाथरूम, एकमजली घर, असलं हलकं काम ती सरळ उचलते. आमच्या भिंतीचं तेच झालं, पहिल्या पावसात एक कोपरा वर आला आणि पुढच्या उन्हाळ्यात तिथे माझं बोट जाईल एवढी चीर. दोन प्लॉट सोडून एक घर आहे, तिथे पावसाळ्यात बाथरूमचा दरवाजा लागत नाही आणि खिडक्यांच्या कोपऱ्यांतून तिरक्या चिरा गेल्यात. हे प्लॉट घ्यायच्या आधी बघायला हवं होतं, शेजारच्यांच्या भिंती, पण आम्ही हुरडा खात होतो.

शेवटी जेसीबी बोलावून खड्डा घेतला. सात फूट काळी, मग मुरूम. इंजिनियर म्हणाले पाया त्या मुरमात न्यायचा, नाहीतर अंडर-रीम्ड पाइल, म्हणजे तळाशी कांद्यासारखा फुगीर असलेला काँक्रीटचा खांब, साधारण साडेतीन मीटर खोल. ही पद्धत आपल्याकडे रुरकीच्या सेंट्रल बिल्डिंग रिसर्च इन्स्टिट्यूटने रुजवली. आणि जोत्यात भरायला पायातून निघालेली काळी अजिबात वापरायची नाही, मुरूम आणून थर देऊन ठोकायचा. कॉन्ट्रॅक्टर काळीच परत ढकलतात बरं का, फुकटची असते म्हणून, त्या दिवशी तिथे उभं राहा.

झाडांचीही तीच कथा. रत्नागिरीहून हौसेने हापूसची कलमं आणली, दोन बाय दोनचे खड्डे, शेणखत, सगळं रीतसर. पावसात खड्ड्यांची डबकी झाली, पाणी मुरेचना, आणि जी दोन वाचली त्यांची नवी पानं पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या. मी आपला युरिया टाकतोय. मग कृषी विज्ञान केंद्रात माती दिली (बांधाजवळची किंवा खताच्या ढिगाजवळची नको, व्ही आकाराचा खड्डा घेऊन कडेची माती, पाच-सहा ठिकाणची एकत्र करून अर्धा किलो), तर सामू (म्हणजे पीएच) 8.3 आणि चुनखडी भरपूर. अशा जमिनीत लोह असून झाडाला मिळत नाही. कोकणातली माती आम्लधर्मी, तिथलं झाड इथे आणून मी त्याला पार परदेशात टाकलं होतं.

लॅबच्या आधी घरी करण्यासारखं एक आहे. काचेच्या बाटलीत तिसरा हिस्सा माती, बाकी पाणी, जोरात हलवून ठेवून द्या. वाळू मिनिटाभरात बसते, पोयटा, म्हणजे वाळूपेक्षा बारीक गाळ, तास-दोन तासांत. आमच्या बाटलीतलं पाणी दुसऱ्या दिवशीही गढूळ होतं, म्हणजे चिकण किती ते बघा.

आता सासरे म्हणतात चिंच लाव, काळीत मस्त येते. लावणार, पण पार टोकाला, कारण मोठं झाड पायाजवळचं पाणी ओढतं आणि तेवढीच बाजू जास्त आकसते. घराचं दिवाळीनंतर बघू. परवा आजोबा भेटले, विचारत होते भिंत परत कधी बांधताय. म्हटलं, तारेचं कुंपण घालतोय.