नांगर, पेठ आणि कंपाउंड: कसबा ते कॅम्प

सुरुवात पुण्यातल्या कसबा गणपतीपासून, तीही सकाळी आठच्या आत. नंतर गल्लीत रिक्षा अंगावर येतात. १६३० च्या सुमारास आदिलशाही सरदार मुरार जगदेवाने हे गाव जाळलं, त्यावर गाढवाचा नांगर फिरवला, पहार ठोकली. इथे कोणी वसायचं नाही, हा त्याचा अर्थ. म्हणूनच जिजाबाई-शिवरायांच्या सोन्याच्या नांगराची परंपरा आम्हाला नुसती दंतकथा वाटत नाही. रयतेला दिलेला तो कौल, म्हणजे अभयाचा शब्द होता. माणसं राहिली की सारा येतो, सारा आला की मुलूख आपला.

शनिवारवाडा पाच मिनिटांवर. १७३० ते ३२ मधलं बांधकाम, खर्च १६,११० रुपये. दिल्ली दरवाजावरचे फूटभर लांब खिळे हत्तीसाठी. ते सगळेच पाहतात. तुम्ही दिंडी, म्हणजे त्या दरवाजातलं छोटं दार पाहा. एका वेळी एकच माणूस, तोही वाकून. आत शिरताच वाट वळते, त्यामुळे घोड्यांना मुसंडी मारता येत नाही.

हाच धडा पेठांतल्या वाड्यांनी गिरवला: रस्त्याला जाड भिंत, मोजक्या खिडक्या, देवडी (दारालगतची पहाऱ्याची जागा), मग चौक. घर मोजायचं ते खणांत. दोन खांबांमधलं अंतर म्हणजे एक खण, पाचेक फुटांचा. एखादा वाडा आत जाऊन पाहायला मिळालाच, तर तुळईचं भिंतीत गेलेलं टोक बघा. पन्हळ फुटली की तिथे ओल धरते, वाळवी लागते. मधला सागवान ठणठणीत दिसतो आणि ऐन पावसाळ्यात वाडा बसतो तो त्या टोकापासून.

पेठ मात्र नुसती बांधून वसत नाही. काही वर्षं करमाफीचा कौल, शेटे-महाजनांची, म्हणजे बाजाराच्या प्रमुखांची नेमणूक, मग व्यापारी आणि कारागीर. औरंगजेबानेही १७०३ मध्ये पुण्याचं मोहियाबाद केलं; नाव टिकलं नाही, पण तेव्हा वसवलेली पेठ बुधवार पेठ म्हणून टिकली.

रविवार, नाना पेठ ओलांडून क्वार्टर गेटला आलात की रस्ता रुंदावतो. खडकीची लढाई ५ नोव्हेंबर १८१७ ची. त्यानंतर इकडे इंग्रजांची छावणी पडली, तोच कॅम्प. इथे भिंतीला भिंत लागत नाही. मोठ्या कंपाउंडच्या मधोमध बंगला, भोवती व्हरांडा, नोकरांच्या खोल्या मागे. ‘ओल्ड ग्रँट’ या जुन्या सरकारी अटींवरच्या बंगल्यांत घर मालकाचं, पण खालची जमीन सरकारची, हवी तेव्हा परत घेता येणारी. खरेदीचा विचार असेल तर व्हरांडा नंतर पाहा, आधी कागद.