उजवी बाजू

भीमगडच्या जंगलात वाघ टिपायला आपोआप फोटो काढणारे कॅमेरे बांधायचा हा माझा तिसरा हंगाम. लोकांना वाटतं, आम्हाला रोज वाघ दिसतो. मी प्रत्यक्ष एकही बघितलेला नाही. दिसतं ते कॅमेऱ्याच्या कार्डात: तापून हलणारं गवत, कुणाच्या तरी म्हशी, कांडेचोर, लेन्सला नाक लावणारं वानर.

एका जागेला दोन कॅमेरे. वाटेच्या दोन्ही अंगांना, गुडघ्याएवढ्या उंचीवर, समोरासमोर पण थोडे सरकवून. नाहीतर एकाचा फ्लॅश दुसऱ्याच्या फोटोत घुसतो. जोडी लागते, कारण वाघाच्या दोन्ही कुशींचे पट्टे वेगवेगळे असतात. एका कुशीवरून दुसरी ओळखता येत नाही. हे वरच्या साहेबांना दरवर्षी नव्यानं समजावावं लागतं. त्यांना पेपरात द्यायला एक फोटो मिळाला की झालं.

गेल्या वर्षी एका वाटेवर वाघाची डावी बाजू मिळाली होती. समोरचा कॅमेरा गव्यानं अंग घासून आभाळाकडे फिरवला होता. यंदा फेब्रुवारीत त्याच वाटेवरचं कार्ड काढलं. पहाटे २ वाजून १७ मिनिटं. उजवी बाजू, लख्ख. खांद्यापासून शेपटीपर्यंत एकही पट्टा कापला गेलेला नाही. हात थरथरत दुसरं कार्ड घातलं. तीच वेळ, आणि फोटो पूर्ण काळा.

दिवसाचे फोटो त्या कॅमेऱ्यात झकास होते. सेल उतरले की असंच होतं. उन्हात फोटो निघतात, रात्री फ्लॅशला जोर पुरत नाही. सेल मीच घातले होते, चार नवे, चार जुने. पिशवीत तेवढेच उरले होते आणि जांबोटीची शेवटची गाडी गाठायची होती.

"नवं घातलास न्हवं सगळं?" मामांनी तेव्हाच विचारलं होतं. मी हो म्हणालो.

मामा गवळी, जन्म याच रानात गेला. दोन्ही वर्षांचे फोटो त्यांना मोबाईलवर दाखवले. "त्योच की ह्यो. मान बघ कशी टाकतोय." असेलही. मानेवरून नोंद होत नाही. तक्त्यात 'डावी' हे घर रिकामं ठेवलं, आणि एक वाघ की दोन, ते तसंच लटकलंय.

काळा फोटो पुसलेला नाही. उजेड वाढवून वाढवून बघितला. कोपऱ्यात कारवीची एक काडी दिसते, बाकी नुसते दाणे.