बेळगावहून पणजीला, जुने युरोपियन पिक्चर मोठ्या पडद्यावर बघायला

नोव्हेंबरात इफ्फीला, म्हणजे भारताच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाला, जाऊन आलो, मी, मामेभाऊ आणि शहापूरचे काका. नवीन पिक्चरांच्या मागे लागलोच नाही, रिस्टोअर केलेले (म्हणजे खराब झालेली फिल्म साफ-दुरुस्त केलेले) जुनेच बघायचे असं निघतानाच ठरलेलं. पुढच्या वर्षी कुणाला जायचं असेल तर उपयोगी पडेल म्हणून लिहितोय.

जांबोटी, कणकुंबी करत चोर्ला घाटाने गेलो, तीन तास तरी धराच. शेवटचा शो सुटेपर्यंत रात्र होते आणि तसल्या धुक्यात घाट चढायचं धाडस करू नका, मुक्कामच करा. पणजीत खोली महाग पडली तर पर्वरीला बघा.

'बायसिकल थीव्ज' (१९४८) हा इटालियन पिक्चर मोबाईलवर बघितलेला होता, पण इथे बघताना अक्षरशः सरसावून बसलो. गहाण पडलेली सायकल सोडवायला नायकाची बायको घरातल्या चादरी गहाण टाकते ना, तिथे गहाणाच्या दुकानातला माणूस गाठोडं घेऊन रॅकवर चढतो, चढतच जातो, आणि वरपर्यंत नुसती गाठोडीच गाठोडी, म्हणजे अख्ख्या गावानेच चादरी गहाण टाकलेल्या! मोबाईलवर हे दिसलंच नव्हतं हो. हाच पिक्चर १९५२ च्या पहिल्या इफ्फीत मुंबईला दाखवलेला, तो बघूनच बिमल रॉयना 'दो बिघा जमीन' सुचला.

दुसरा डॅनिश दिग्दर्शक ड्रायरचा 'द पॅशन ऑफ जोन ऑफ आर्क' (१९२८). मूळ निगेटिव्ह त्याच वर्षी आगीत गेली, आणि १९८१ ला ऑस्लोजवळच्या एका मनोरुग्णालयाच्या कपाटात जुनी प्रिंट सापडली, म्हणून आज आपल्याला बघायला मिळतोय. नायिकेला मेकअप नाही, त्यामुळे ओठांवरच्या भेगासुद्धा दिसतात. काका तर संपल्यावर बराच वेळ उठलेच नाहीत.

आता कामाचं. डेलिगेट रजिस्ट्रेशन, म्हणजे महोत्सवाला प्रेक्षक म्हणून नाव नोंदवणं, ऑनलाईन, ते आधीच उरकून घ्या, आणि सीटचं बुकिंग सुरू झालं की लगेच करा, हे शो पटापट भरतात. सबटायटल इंग्रजीत आणि अगदी खाली येतात, पुढच्याचं डोकं आडवं येतं, म्हणून मधल्या रांगेच्या थोडं मागे बसा. चित्र चौकोनी आणि दोन्ही बाजूला काळं दिसलं तर प्रोजेक्टर बिघडलाय म्हणून उठू नका, ते पिक्चर तसेच काढलेले. दिवसाला दोनच बघा, तिसऱ्याला डोळे मिटायला लागतात. आणि एसी कडक असतो, घरातल्या म्हाताऱ्या माणसांना नेणार असाल तर शाल घ्या.